विश्लेषण : चार वेळा आमदार, आता मंत्री, तरीही छावणीच्या बैठकीत संजय शिरसाट यांना मत का नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील मतदार आमदार निवडतात, खासदार निवडतात. पण गल्लीतला रस्ता, गटार, मालमत्ता कर आणि घराच्या बांधकामाची परवानगी हे सगळे ज्या छावणी परिषदेच्या हाती आहे, तिच्या बैठकीत त्या आमदाराला फक्त खुर्ची मिळते, मत मिळत नाही. २००९ पासून या भागाचे प्रतिनिधित्व संजय शिरसाट करीत आहेत. नगरसेवक, आमदार, पक्षाचे प्रवक्ते, मंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री असा त्यांचा प्रवास आहे. आमदाराचे राजकीय वजन वाढत गेले, तरी छावणीतील नागरिकाच्या पदरात काय पडले? आणि आता काय पडू शकते?

शिरसाट राजकारणात कसे आले?

शिवसेनेने या शहरात १९८५ मध्ये शाखा सुरू केली. १९८८ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि शिवसेना सर्वांत मोठा पक्ष म्हणून पुढे आली. मुंबई-ठाण्याबाहेर पक्षाला मिळालेले हे मोठे यश होते. शाखा, मोर्चा, गल्लीतले काम आणि मग महापालिकेची उमेदवारी या वाटेने तरुणांची एक पिढीच तेव्हा राजकारणात आली. चंद्रकांत खैरे याच वाटेने पुढे आमदार, मंत्री आणि खासदार झाले. शिरसाटही याच मुशीतले. महापालिकेत नगरसेवक म्हणून काम केल्यावर २००९ मध्ये ते विधानसभेवर निवडून गेले.

नगरसेवकाची वाट चालून आलेल्या आमदाराकडे लोक नगरसेवकाचीच कामे घेऊन येतात. नळाला पाणी नाही, दिवा बंद आहे, कचरागाडी आली नाही. महापालिकेच्या हद्दीत आमदार आयुक्तांना फोन करू शकतो, निधी आणू शकतो. छावणीच्या हद्दीत मात्र हा हिशोब बदलतो.

मतदारसंघ कसा आहे?

त्याचे अधिकृत नाव आजही ‘औरंगाबाद पश्चिम’ असेच आहे. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, पण मतदारसंघांची नावे २००८ च्या पुनर्रचनेनुसार कायम आहेत. त्याच पुनर्रचनेत हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्यापूर्वी तो खुला होता. १९९० आणि १९९५ मध्ये खैरे, तर १९९९ आणि २००४ मध्ये काँग्रेसचे राजेंद्र दर्डा येथून निवडून आले होते. आरक्षणामुळे दर्डा शेजारच्या पूर्व मतदारसंघात गेले आणि पश्चिमेत शिरसाट यांना संधी मिळाली.

पदमपुरा, भावसिंगपुरा, सातारा-देवळाई आणि छावणी अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या वस्त्या या एकाच मतदारसंघात आहेत. आंबेडकरी चळवळीचा येथे मोठा प्रभाव आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला शिवसेनेने कडाडून विरोध केला होता. जानेवारी १९९४ मध्ये नामविस्तार झाला. त्यानंतर १५ वर्षांनी त्याच शहरातील राखीव जागा शिवसेनेने जिंकली आणि पुढे टिकवूनही ठेवली. प्रचाराच्या घोषणांइतकाच यात उमेदवाराच्या वैयक्तिक संपर्काचा आणि विरोधी मतांच्या विभागणीचा वाटा आहे.

चार निवडणुकांत काय घडले?

२००९ मध्ये शिरसाट युतीचे उमेदवार होते आणि त्यांनी काँग्रेसचा पराभव केला. २०१४ मध्ये युती तुटली. शिवसेना आणि भाजप समोरासमोर आले आणि शिरसाट यांचे मताधिक्य सात हजारांच्या आत राहिले. २०१९ मध्ये पुन्हा युती झाली, पण भाजपचे राजू शिंदे बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले. शिरसाट तेव्हा ४० हजारांहून अधिक मतांनी जिंकले. २०२४ मध्ये तेच राजू शिंदे शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे उमेदवार होते. शिरसाट यांना १ लाख २२ हजारांवर, तर शिंदे यांना १ लाख ६ हजारांवर मते पडली. फरक १६ हजारांच्या आसपास.

म्हणजे मते वाढली, पण मताधिक्य निम्म्याहून कमी झाले. लढत दोन शिवसेनांमध्ये होती. पक्षफुटीनंतर मतदार कोणाकडे राहिला, या प्रश्नाचे येथील उत्तर ‘शिरसाट यांच्याकडे’ असे आहे; पण लाखाहून अधिक मतदारांनी दुसऱ्या बाजूला कौल दिला, हेही त्याच निकालात लिहिलेले आहे.

२०२२ च्या बंडात त्यांची भूमिका काय होती?

२०१९ मध्ये जिल्ह्यातील नऊपैकी सहा जागा शिवसेनेने जिंकल्या होत्या. जून २०२२ मध्ये त्या सहापैकी पाच आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. कन्नडचे उदयसिंह राजपूत तेवढे उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिले. राज्यातील बंडाला सर्वाधिक बळ देणाऱ्या जिल्ह्यांत हा जिल्हा होता.

शिरसाट यांचे नाव राज्यभर पोहोचले ते एका पत्राने. बंडाच्या दिवसांत त्यांनी ठाकरे यांना उद्देशून लिहिलेले पत्र शिंदे यांनी समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले. मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ निवासस्थानाचे दरवाजे पक्षाच्या आमदारांसाठी अडीच वर्षे बंद होते, मतदारसंघातील कामे घेऊन गेले तरी भेट मिळत नव्हती, ही त्यातील मुख्य तक्रार होती.

त्यानंतर आमदार अपात्रतेचे प्रकरण उभे राहिले. सुरुवातीला ज्या १६ आमदारांना नोटिसा निघाल्या, त्यांत शिरसाट होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गटालाच खरी शिवसेना ठरवले आणि दोन्ही बाजूंच्या कोणालाही अपात्र केले नाही.

या वादाची कायदेशीर बाजू कोणतीही असो, पत्रातली तक्रार लोकशाहीत महत्त्वाची आहे. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला सत्तेच्या दारात ताटकळावे लागू नये, हे तिचे सार. छावणीतील नागरिकाची तक्रारही याहून वेगळी नाही. त्याच्यासाठी बंद असलेला दरवाजा फक्त दुसऱ्या कार्यालयाचा आहे.

मंत्रिपद कधी मिळाले?

ऑगस्ट २०२२ च्या मंत्रिमंडळ विस्तारात जिल्ह्यातून संदीपान भुमरे, अब्दुल सत्तार आणि भाजपचे अतुल सावे यांना स्थान मिळाले. शिरसाट यांना थांबावे लागले. या काळात पक्षाचे प्रवक्ते म्हणून ते रोज वृत्तवाहिन्यांवर दिसत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना सिडकोचे अध्यक्षपद देण्यात आले. विधानसभेच्या निकालानंतर १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. सामाजिक न्याय खाते त्यांच्याकडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही.

राखीव मतदारसंघातील आमदाराकडे सामाजिक न्याय खाते येणे ही मोठी जबाबदारी आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांची वसतिगृहे, शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना, बार्टीसारखी संस्था या खात्याकडे आहे. मे २०२५ मध्ये खात्याचा सुमारे ४१० कोटी रुपयांचा निधी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवण्यात आला. तेव्हा शिरसाट यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली. सत्तेत राहून असे बोलणारे मंत्री थोडे असतात. पण नाराजीने निधी परत येत नाही. मंत्र्याचे यश तो निधी थांबवण्यात किंवा भरून आणण्यात मोजले जाते.

त्यांच्यावरील आरोप कोणते?

२०२५ चा उन्हाळा आणि पावसाळा शिरसाट यांच्यासाठी वादाचा ठरला. शहरातील एका हॉटेलच्या लिलावात त्यांच्या मुलाशी संबंधित कंपनीने बोली लावली होती. किंमत कमी ठरवल्याचा आरोप विरोधकांनी केला. कुटुंबाने या व्यवहारातून माघार जाहीर केली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात चौकशीची घोषणा केली. जुलैमध्ये घरातील एका चित्रफितीत दिसणाऱ्या बॅगेवरून गदारोळ झाला. बॅगेत पैसे नसून कपडे होते, असा खुलासा शिरसाट यांनी केला. संपत्तीतील वाढीबाबत प्राप्तिकर विभागाची नोटीस आल्याचेही त्यांनी सांगितले. आरोप त्यांनी फेटाळले आहेत. आरोप म्हणजे दोष नव्हे. पण चौकशीची घोषणा सभागृहात होते, तेव्हा तिचा निष्कर्षही सभागृहासमोर यायला हवा. मंत्र्याच्या दृष्टीनेही तेच हिताचे आहे.

छावणीत आमदाराचे अधिकार किती?

खाम नदीच्या पश्चिमेला, नगर नाक्याच्या परिसरात लष्कराची ही जुनी वसाहत आहे. निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेले हैदराबाद कंटिंजन्ट येथे होते. जून १८५७ मध्ये त्यातील घोडदळाने येथेच बंड केले आणि ते कठोरपणे मोडून काढण्यात आले. फौजेसोबत व्यापारी, कारागीर, कामगार आले, बाजारपेठ वसली. गुरुवारचा आठवडी बाजार आजही शहराला आणि आसपासच्या खेड्यांना ओढून आणतो. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि छत्रपती संभाजीनगर.

या वस्तीचा कारभार महापालिका कायद्याने चालत नाही. तो केंद्राच्या छावणी अधिनियम, २००६ नुसार चालतो. परिषदेचे अध्यक्ष लष्करी अधिकारी असतात. मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण मंत्रालयाच्या सेवेतले असतात. लोकांनी निवडलेले सदस्य असतात आणि त्यांच्यातून उपाध्यक्ष निवडला जातो. खासदार आणि आमदार हे बैठकीचे ‘विशेष निमंत्रित’ असतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही, असे कायदाच सांगतो.

म्हणजे आमदार बैठकीत प्रश्न मांडू शकतो, सूचना करू शकतो. ठराव त्याच्या विरोधात गेला तर हात वर करू शकत नाही. घराची दुरुस्ती, वाढीव मजला, जुन्या भाडेपट्ट्याचे नूतनीकरण, मालमत्तेवर वारसाचे नाव लावणे या कामांची फाइल मुंबईला जात नाही. ती परिषदेकडे आणि संरक्षण मालमत्ता विभागाकडे जाते, तिथून काही वेळा थेट दिल्लीला.

मग छावणीत निवडून आलेले सदस्य कुठे आहेत?

खरी अडचण इथेच आहे. छावणी परिषदांची याआधीची निवडणूक २०१५ मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत, तिला मिळालेली वाढ हे सगळे फेब्रुवारी २०२१ मध्ये संपले. त्यानंतर कायद्यातील तरतुदीनुसार तीन जणांचे मंडळ नेमण्यात आले: लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरी सदस्य. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील ५७ छावणी परिषदांसाठी ३० एप्रिलला मतदान जाहीर झाले. उमेदवार तयारीला लागले आणि मार्चमध्ये ती अधिसूचनाच रद्द झाली.

शेजारच्या महापालिकेतही एप्रिल २०२० मध्ये मुदत संपल्यावर प्रशासक आला आणि पाच वर्षांहून अधिक काळ राहिला. नगरसेवक नसताना सगळा भार आमदारावर येतो. महापालिकेच्या हद्दीत तो भार उचलण्यापुरते अधिकार तरी त्याच्याकडे असतात. छावणीत भार येतो, अधिकार येत नाहीत. कर भरणाऱ्या माणसाला आपले म्हणणे मताने सांगण्याची जागाच उरलेली नाही.

महापालिकेत विलीनीकरण झाले तर?

छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या नागरी संस्थेत सामील करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले आहे. हिमाचल प्रदेशातील खास योल छावणी एप्रिल २०२३ मध्ये अशी पहिली रद्द झाली. जून २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने राज्यांना मार्गदर्शक सूत्रे कळवली. त्यानुसार नागरी सुविधांच्या मालमत्ता राज्याकडे विनामूल्य जातील, परिषदेची येणी-देणी महापालिकेकडे जातील आणि लष्कराचा भाग वेगळा राहील. जिथे जमिनीवर केंद्राची मालकी आहे, तिथे ती केंद्राकडेच राहील.

शेवटची अट छावणीकरांनी नीट वाचावी अशी आहे. विलीनीकरणानंतर कर महापालिका घेईल, बांधकामाची परवानगी महापालिका देईल. पण ज्या घराखालची जमीन केंद्राची आहे, त्या घराच्या मालकीचा प्रश्न आपोआप सुटणार नाही. दुसरी बाजू महापालिकेची. ती आधीच पाण्यासाठी झगडते आहे. हद्दवाढीचे परिणाम काय होतात, हे याच मतदारसंघाने पाहिले आहे. सातारा-देवळाई सुमारे दहा वर्षांपूर्वी महापालिकेत आले, पण रस्ते, ड्रेनेज आणि पाण्यासाठी तेथील रहिवाशांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. पाटी बदलली म्हणून नळाला पाणी येत नाही.

परिषदेचे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक, तिची शाळा आणि रुग्णालय, थकीत देणी, आठवडी बाजाराची जागा यांचे काय होणार, हे ठरल्याशिवाय होणारे विलीनीकरण म्हणजे एका दारातून काढून दुसऱ्या दारात उभे करणे ठरेल.

आमदार यात काय करू शकतो?

बैठकीत मत नाही, म्हणून आमदार हतबल आहे असे म्हणता येणार नाही. विलीनीकरण केंद्र एकट्याने करू शकत नाही. राज्य सरकारने जबाबदारी स्वीकारावी लागते, नगरविकास विभागाने आराखडा द्यावा लागतो, महापालिकेला त्यासाठी पैसा लागतो. छावणीचा नागरी भाग घ्यायचा की नाही आणि कोणत्या अटींवर घ्यायचा, हा निर्णय मुंबईत होतो. छावणी परिषदेत शिरसाट यांना मत नाही. राज्याच्या मंत्रिमंडळात आहे.

शिवाय परिस्थिती अनुकूल आहे. जिल्ह्याचे पालकमंत्री तेच आहेत. नगरविकास खाते त्यांच्या पक्षाचे प्रमुख एकनाथ शिंदे यांच्याकडे आहे. परिषदेचे दुसरे विशेष निमंत्रित, म्हणजे खासदार संदीपान भुमरे, त्यांच्याच पक्षाचे आहेत. केंद्रातील सत्तेतही त्यांचा पक्ष सहभागी आहे. राज्य ऐकत नाही, केंद्र ऐकत नाही, ही सबब आज कोणाकडेच नाही.

त्यामुळे छावणीतील मतदाराने आपल्या आमदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, विलीनीकरणाबाबत राज्याची लेखी भूमिका काय आहे आणि ती लोकांसमोर कधी येणार? दुसरी, कर, कर्मचारी, पाणी आणि जमिनीची मालकी या चार मुद्द्यांवर राज्य कोणत्या अटी घालणार आहे? तिसरी, विलीनीकरण लांबणार असेल तर तोवर परिषदेची निवडणूक घ्यावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरला आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाला छावणी परिषदेतील मत लागत नाही. मंत्र्याचे पत्र, बैठक आणि पाठपुरावा पुरेसा आहे.

कारकीर्द कशाने मोजायची?

राजकारणात कारकीर्द पदांनी मोजली जाते. त्या मापाने नगरसेवक ते मंत्री हा प्रवास यशस्वी आहे. सलग चार विजय, एका पक्षफुटीत केलेली निवड आणि त्या निवडीवर मतदारांनी दिलेला कौल, हे कोणी नाकारू शकत नाही. पण मतदाराचे माप निराळे असते. आमदाराची शिडी वर जाताना आपल्या गल्लीतला प्रश्न एक पायरी तरी वर सरकला का, एवढेच तो पाहतो.

एका मोठ्या दरवाजाबाहेर ताटकळावे लागल्याची तक्रार शिरसाट यांनी २०२२ मध्ये लिहून केली आणि त्या तक्रारीने सरकार बदलण्यात आपला वाटा उचलला. छावणीतील नागरिक फेब्रुवारी २०२१ पासून आपल्याच परिषदेच्या दरवाजाबाहेर उभे आहेत. त्यांच्याकडे बंडाचा मार्ग नाही, मतपेटीही नाही. त्यांच्याकडे आहे तो फक्त त्यांनी चार वेळा निवडून दिलेला आमदार. त्या आमदाराच्या हाती आता मंत्रिपद आहे आणि ते छावणीसाठी वापरले गेले की नाही, याची नोंद पुढच्या निवडणुकीआधी व्हायला हवी.